सिनेमा ठीकठाक होता हे कळलं, पण नेमका कुठे सुटला ते सांग

हर्णैहून एका वाचकाचं पत्र आलंय. नाव देऊ नका म्हणालाय, म्हणून देत नाही. पत्र बरंच मोठं आहे, मुद्द्याचं तेवढं इथे टाकते.

"ताई नमस्कार. आमची बोट आहे. मी बर्फ-डिझेलचा हिशोब आणि लिलावाचं बघतो. जून-जुलैत बंदी लागली, बोटी शाकारून झाल्या, की घरात बसून जाळी दुरुस्त करायची असतात, तेव्हा समोर सिनेमे लावतो. मला सिनेमातलं फार कळत नाही, जे येईल ते बघतो. यंदा बघितले त्यांच्याबद्दल वाडीच्या ग्रुपवर दोन-दोन ओळी लिहिल्या. लाल सिंग चड्ढा ठीक होता पण मूळ इंग्रजीतला कोळंबीवाला भागच काढून टाकलाय त्यामुळे मजा कमी. शहजादा आधी बघितल्यासारखा वाटला. झोंबिवली सुरुवातीला धमाल, नंतर तेच तेच. जुरासिकचा तो डोमिनियनवाला बघताना झोप आली. मुंज्या आवडला पण आजी मधेच उठून गेली, म्हणाली झाड होतं तोवर भीती वाटत होती, आता कसली भीती. यावर मुंबईची चुलत भावंडं तुटून पडली. एकाने लिहिलं तुला सगळीकडे कोळंबीच दिसणार. दुसऱ्याने टोमॅटोच्या टक्केवारीचे स्क्रीनशॉट टाकले की बघ जग काय म्हणतंय. तेव्हापासून लिहिणं बंद केलं. खरी अडचण पुढेच आहे. तिसरा चुलतभाऊ, माझ्याशी नीट वागतो, तो मुंबईत एडिटिंगला असिस्टंट आहे. त्याने काम केलेला पिक्चर आलाय. लिंक पाठवून विचारतोय, दादा कसा वाटला, खरं सांग. पिक्चर काही खास नाही, वाईट पण नाही. गणपतीत तो घरी येणार. काय बोलू? माझ्यासारख्याने मत द्यायचं की गप्प बसायचं?"

द्यायचं. ग्रुपवरही परत लिहायला लाग आणि त्या भावालाही खरं सांग. कसं सांगायचं त्याच्याकडे येतेच, पण आधी तू लिहिलेल्या त्या दोन-दोन ओळींबद्दल बोलू दे मला, कारण तुझ्या भावंडांनी त्या नीट वाचलेल्या दिसत नाहीत आणि तूही त्यांच्याकडे परत वळून बघितलेलं दिसत नाही.

कोळंबीपासून सुरू करू, कारण तिथेच तुला सगळ्यात जास्त लागलंय. लाल सिंग चड्ढा २०२२ मध्ये आला, तो १९९४ च्या फॉरेस्ट गंप या अमेरिकन सिनेमाचा अधिकृत रिमेक, आणि पटकथा आपल्या अतुल कुलकर्णींची. मूळ सिनेमात फॉरेस्टचा सैन्यातला दोस्त बब्बा दिवसरात्र कोळंबीबद्दल बोलतो, पकडायची कशी, तळायची कशी, उकडायची कशी, संपतच नाही त्याचं. तो युद्धात मरतो आणि फॉरेस्ट त्याला दिलेला शब्द पाळायला कोळंबीची बोट घेतो. काही मिळत नाही, जाळ्यात कचराच जास्त येतो. मग वादळ येतं, किनाऱ्यावर बांधलेल्या सगळ्यांच्या बोटी फुटतात, ह्याची एकट्याची बोट बाहेर समुद्रात असते म्हणून वाचते आणि मग सगळी कोळंबी ह्याच्याच जाळ्यात. हिंदीत दोस्ताचं नाव बाला आणि त्याचं वेड चड्डी-बनियनच्या धंद्याचं. लाल धंदा काढतो, आधी तो चालत नाही, मग सोबतीला मोहम्मद येतो आणि गाडी रुळावर येते.

आता बघ, तू लिहिलंस की कोळंबीचा भाग नाही म्हणून मजा कमी. भावाला त्यात तुझं मासे एके मासे दिसलं. मला त्यात रिमेकचं दुखणं दिसलं. कोळंबीच्या जागी बनियन आलं तर कथेत वरवर काहीच बिघडत नाही, दोस्ताला दिलेला शब्द आहे, धंदा आहे, यश आहे. पण वादळ गेलं ना! मूळ सिनेमात तो साधा भोळा माणूस श्रीमंत होतो त्यात त्याची हुशारी शून्य असते, समुद्राने ज्याला वाचवलं तो वाचला, बाकीच्यांचं सगळं गेलं, आणि त्या यशात एक अस्वस्थपणाही आहे कारण शेजाऱ्यांच्या बोटी किनाऱ्यावर लाकूडफाटा होऊन पडल्यात. बनियनच्या धंद्यात हे कुठून येणार? तिथे मेहनत, मालाची खपत, धंद्याचं डोकं. सगळं बरोबर असूनही तो भाग सपाट वाटतो तो ह्यामुळे. शहरातल्या माणसाला हे चटकन जाणवणार नाही, तुला जाणवलं, कारण ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडात छपरं उडालेली आणि नारळ-सुपारीच्या बागा आडव्या पडलेल्या तू बघितल्यास. एका घराची कौलं शाबूत आणि शेजारच्याचं छप्पर गायब, ह्याला काही कारण नसतं हे तुला सांगावं लागत नाही. हे तुझ्याकडे आहे म्हणून तुला सिनेमातली ती गळालेली गोष्ट दिसली. तेव्हा "सगळीकडे कोळंबीच दिसणार" ह्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. तुझ्या भावंडांना ती दिसली नाही, तुला दिसली.

फक्त एक चूक केलीस, तू तिथेच थांबलास. मजा कमी, एवढंच. का कमी हे तुला माहीत होतं, ते लिहिलं असतंस तर समोरच्याला टर उडवायला जागाच उरली नसती. तुझ्या सगळ्याच मतांचं असं झालंय. माल तुझ्याकडे आहे पण तू टोपली झाकून ठेवतोस. लिलावात पापलेटला कोणी "ठीक आहे" म्हणून बोली लावत नाही, कल्ला उघडून बघतात, लाल आहे का काळा पडलाय, मग आकडा. तसा कल्ला उघडून दाखव लोकांना.

आता आजी. आजींना माझा नमस्कार सांग, आणि तुमच्या घरात सिनेमाची खरी जाणकार कोण हे मला कळलं असंही सांग. मुंज्या २०२४ चा, दिग्दर्शक आदित्य सरपोतदारचा, गोष्ट आपल्याच कोकणात सुरू होते. मुंज झालेला आणि लग्नाआधीच गेलेला पोरगा पिंपळावर बसतो हे आपल्याकडे प्रत्येक वाडीत ऐकलेलं, त्या झाडाखालून संध्याकाळी जाऊ नको हे तर मी पण ऐकत मोठी झाले. सिनेमात तो मुंज्या काही वेळाने पूर्ण दिसायला लागतो, कॉम्प्युटरवर बनवलेला, चेहरा हातपाय बडबड सगळं, आणि मग सिनेमा भीतीचा कमी आणि गमतीचा जास्त होतो. पोरांना ते आवडलं, मोठा स्टार नसतानाही १०० कोटींच्या पुढे गेला तो. पण ज्या बाईने सगळा जन्म पिंपळाला वळसा घालून काढलाय तिला दिसणारा मुंज्या कशाला घाबरवणार? तिची भीती झाडाची होती, झाडात काय आहे हे न दिसण्याची होती. सिनेमाने ते दाखवून टाकलं आणि आजी उठल्या. झाड होतं तोवर भीती वाटत होती, ह्या एका वाक्यात आजींनी अख्खा सिनेमा सांगितला बघ, मला सुद्धा पहिला भाग जास्त आवडला होता आणि का ते आजींच्या वाक्यामुळे नीट कळलं.

आणि गंमत म्हणजे जुरासिकला तुला झोप का आली ह्याचं उत्तरही आजींच्या वाक्यातच आहे. १९९३ चा पहिला जुरासिक पार्क दोन तासांच्या थोडा वर आहे आणि त्यात डायनासोर पडद्यावर मिळून सुमारे १५ मिनिटं दिसतात. फक्त १५! बाकी वेळ काय आहे? ग्लासातलं पाणी थरथरतं, गोल लाटा उठतात, कोणीतरी जड पावलं टाकत येतंय एवढंच कळतं आणि आपण खुर्ची धरून बसतो. २०२२ चा डोमिनियन अडीच तासांच्या आसपासचा, त्यात जुने नवे सगळे कलाकार गोळा केलेत, डायनासोर तर शहरात, जंगलात, बर्फात, जिथे तिथे, आणि तरी मूळ भानगड कशाची तर पिकं खाणाऱ्या महाकाय टोळांची. डायनासोर बघायला बसलेल्या माणसाला टोळधाडीची गोष्ट सांगितली तर तो पेंगणारच. पण तू नुसतं "झोप आली" लिहिलंस, आणि खरं सांगू का, तुझ्या पाचांतलं सगळ्यात कच्चं मत तेच. झोप दिवसभर राबल्यानेही येते, भरपेट जेवल्यानेही येते. नेमकी कुठे आली? टोळांपाशी, की शेवटच्या मारामारीत? ते लिहिलं असतंस तर मत झालं असतं.

शहजादाचं फार काही नाही, तुझं म्हणणं सरळ बरोबर आहे. तो अला वैकुंठपुरमुलू ह्या २०२० च्या तेलुगू सिनेमाचा रिमेक, आणि मूळ सिनेमा हिंदी डबिंगमध्ये टीव्हीवर आधीच येऊन गेलेला. अल्लू अर्जुनची ती गाणी आपल्याकडे लग्नाच्या वरातीत वाजून झाली होती. त्यामुळे आधी बघितल्यासारखा वाटला म्हणजे तू बहुतेक खरोखरच बघितलेला आहेस, जाऊन आठव.

झोंबिवलीबद्दल मात्र थोडं थांबू. २०२२ च्या जानेवारीत आला, अमेय वाघ, ललित प्रभाकर, वैदेही परशुरामी. डोंबिवलीत झोंबी शिरले ही कल्पनाच इतकी आपली की पहिला अर्धा तास माणूस खूश असतो, ओळखीची गर्दी, ओळखीची भाषा, पाण्याची बोंब, आणि त्यात हे. नंतर पळापळ सुरू होते आणि पळापळीत एक अडचण असते की दुसऱ्या वेळी पळताना बघितलं की तिसऱ्या वेळचं आधीच कळतं. तू "नंतर तेच तेच" म्हणालास ते हेच. पण एक बघ, हा सुद्धा आदित्य सरपोतदारचाच. दोन वर्षांनी त्यानेच मुंज्या केला. झोंबिवलीत जी सवय लागली, म्हणजे आपल्या ओळखीच्या गावात भुताखेताचं काहीतरी आणायचं आणि भीतीला गमतीची जोड द्यायची, तीच पुढे मोठी झाली. मध्यम सिनेमाकडे मी असं बघते. लोक म्हणतात वेळ गेला, मला त्यात पुढचा सिनेमा शोधायला आवडतं, कधी सापडतो कधी नाही.

आणि अशा सिनेमांबद्दल बोलायलाच पाहिजे असं मला फार मनापासून वाटतं. का ते सांगते. भारी सिनेमाबद्दल सगळे बोलतात, भंगार सिनेमाबद्दल तर त्याहून जास्त बोलतात, मीम्स येतात, शिव्या येतात, सगळं येतं. पण आपण वर्षभरात बघतो त्यातले बहुतेक सिनेमे ह्या दोघांच्या मधले असतात. रात्री जेवून लावले, अर्धे आवडले, संपले, झोपलो. त्यांच्याबद्दल कोणी काही म्हणतच नाही, फार तर वनटाइम वॉच आणि विषय संपला. आता सिनेमा करणारा बिचारा दोन वर्षं खपलाय, त्याला ह्यातून काय कळणार? कुठे जमलं होतं, कुठे हातातून गेलं? मधल्या सिनेमात हे सांगण्यासारखं सगळ्यात जास्त असतं, कारण त्यात चांगलं आणि फसलेलं शेजारी शेजारी बसलेलं असतं.

टक्केवारीच्या स्क्रीनशॉटचं पण निस्तरून टाकते म्हणजे पुढच्या वेळी तू गप्प बसणार नाहीस. रॉटन टोमॅटोज ही परीक्षणं गोळा करणारी वेबसाइट, तिची टक्केवारी म्हणजे सिनेमाला मिळालेले मार्क अशी सगळ्यांची समजूत असते, तसं ते अजिबात नाही. तिथे प्रत्येक समीक्षकाचं परीक्षण दोनच खान्यांत जातं, आवडला किंवा नाही आवडला. शंभरातल्या किती जणांना आवडला ती ती टक्केवारी. ६० किंवा वर असेल तर लाल टोमॅटो, खाली असेल तर हिरवा डाग. म्हणजे समज १० जणांनी बघितला आणि दहाही जण म्हणाले हां बरा आहे, वेळ जातो, तर त्या सिनेमाला १०० टक्के! आणि दुसऱ्या एखाद्या सिनेमाला ५ जण म्हणाले आयुष्यात असं बघितलं नाही आणि ५ जणांना तो सोसला नाही, तर त्याला ५० आणि हिरवा डाग. मग सांग, मधल्या सिनेमाबद्दल हा आकडा काय सांगणार? किती लोकांना चालला एवढंच. कुठे चालला, कुठे नाही, हे आकड्यात मावत नाही, ते तुझ्या दोन ओळींत मावतं. भावाने स्क्रीनशॉट टाकला की शांतपणे हे समजावून सांग. भांडू नकोस, बहुतेक त्यालाही माहीत नसेल.

जगाचं मत म्हणशील तर ते तर बदलत राहतं. तुंबाड घे, गाव तुझ्या शेजारच्या खेड तालुक्यातलं. सिनेमा २०१८ मध्ये आला तेव्हा थेटरात फार गर्दी झाली नव्हती, नंतर लोकांनी घरी बघून बघून एकमेकांना सांगितलं, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लावला तर पहिल्यापेक्षा जास्त कमाई झाली. सनम तेरी कसमचं तर विचारूच नको, २०१६ मध्ये आपटलेला, फेब्रुवारी २०२५ मध्ये परत लागला आणि पोरंपोरी रडत बाहेर आली, पहिल्या वेळच्या पूर्ण कमाईच्या कितीतरी पट पैसे झाले. तो मला आजही मधलाच वाटतो, रडवायला जरा जास्तच धडपडतो, पण तो ज्यांचा आहे त्यांचा आहे. हे सगळं घडवलं ते कोणी? घरी बसून बघणाऱ्यांनी आणि मित्राला "तू बघच" म्हणणाऱ्यांनीच ना, म्हणजे तुझ्यासारख्यांनी.

आता तुला एक बोलणार आहे, राग मानू नकोस. तू जाळी दुरुस्त करता करता बघतोस. मला त्यात काही वावगं वाटत नाही, उलट तुझे हात हे उत्तम माप आहे. सिनेमाने पकडलं की हात आपोआप थांबतात, सुई तशीच राहते. तिथली वेळ लक्षात ठेव. आणि हात परत चालू झाले तिथलीही. ह्या दोन जागा सापडल्या की तुझं मत तयार आहे, आणखी काही लागत नाही. पण ज्या सिनेमाची गोष्ट डोळे वर केल्याशिवाय कळत नाही त्याला "काही कळलंच नाही" म्हणायचा हक्क मग आपल्याला राहत नाही. अर्धवट बघितला असेल तर तसं लिही, अर्धाच बघितला, तेवढ्यात असं वाटलं. प्रामाणिक मत आहे ते, चालतं. आणि लिहायचं ते ग्रुप उघडायच्या आधी लिही. तुझ्या पत्रात एके ठिकाणी तू म्हणतोस की बाकीच्यांचं वाचलं की माझं मत बदलतं. बदलू दे की, पण आधी तुझं काय होतं ते कागदावर असू दे. बर्फाच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानावर लिहिलंस तरी चालेल.

हां, अजून एक, हिंदी-मराठी सिनेमे बघताना इंटरव्हल लक्षात ठेवत जा. आपल्याकडे गोष्टच इंटरव्हल धरून लिहितात, मध्यावर मोठा धक्का आणायचाच असतो म्हणून पहिल्या भागात सगळी रसद तिकडे जाते, आणि बरेच सिनेमे इंटरव्हलनंतर जे ढेपाळतात ते ह्यामुळे. घरी बघताना इंटरव्हल नसतो, तो धक्का उगीचच मोठ्याने वाजल्यासारखा वाटतो आणि मग पुढचं एकदम मंद. तुझं "सुरुवात धमाल, नंतर तेच तेच" बऱ्याच सिनेमांना लागू पडेल.

आता भाऊ. हा प्रश्न नाजूक आहे कारण त्याने "खरं सांग" असं लिहिलंय, आणि जो माणूस असं लिहून विचारतो त्याला "छान होता रे" पाठवलं की दोन सेकंदांत कळतं. मग तो पुढच्या वेळी विचारणार नाही, आणि तुझ्याशी नीट वागणारा भाऊ हा एकच आहे म्हणतोस. त्याला थाप मारू नको.

आधी एक समजून घे की असिस्टंट एडिटर काय करतो. शूटिंगचं सगळं फुटेज त्याच्याकडे येतं, सीनप्रमाणे, टेकप्रमाणे लावून ठेवायचं, आवाज आणि चित्र जुळवायचं. ती पाटी आपटतात ना टेकच्या सुरुवातीला, ती ह्याचसाठी, पाटी बंद झालेली चित्रात दिसते आणि तिचा आवाज वेगळा रेकॉर्ड झालेला असतो, दोन्ही एका जागी बसवले की बाकीचं जुळतं. शेकडो टेक असे बसवायचे. मग एडिटर जे कापतो-जोडतो त्याच्या आवृत्त्या सांभाळायच्या, साउंडवाल्यांना द्यायच्या, ग्राफिक्सवाल्यांना द्यायच्या. कुठला सीन राहणार, कुठला जाणार हे तो ठरवत नाही, ते दिग्दर्शक, एडिटर आणि प्रोड्यूसर ठरवतात. म्हणजे पिक्चर मध्यम झाला ह्यात त्याचा हात फार कमी आणि त्यात झोपमोड मात्र सगळ्यात जास्त त्याची. म्हणून त्याला पूर्ण सिनेमाचा निकाल सांगायला जाऊ नको. सिनेमा कसा आहे हे त्याला माहीत असणारच, एकेक सीन किती वेळा बघितला असेल त्याने. त्याला हे माहीत नाही की हर्णैत घरात बसलेल्या माणसाला तो कुठे लागला आणि कुठे नाही. तेच त्याला हवंय असं मला वाटतं.

तर एकदा परत बघ. ह्या वेळी जाळं बाजूला ठेवून, कानात हेडफोन घालून. कुठे हसलास, कुठे मोबाईल हातात घेतलास, कोणत्या सीनला कोण कुठे उभा आहे हेच कळेना झालं, आवाज कुठे ओठांच्या मागे-पुढे वाटला, गाणं कुठे उगीच आलं, ते मिनिटासकट लिहून ठेव. आणि फोन कर. गणपतीची वाट बघू नको, गणपतीत घर भरलेलं असतं, आरती झाली की सगळे एका खोलीत, त्या टर उडवणाऱ्या दोघांसमोर त्या बिचाऱ्याच्या कामाचा विषय निघाला तर तुझं बोलणं चांगलं असो की वाईट, त्याची वाट लागणार. फोनवर, दोघंच. सुरुवात "मला काय कळतंय म्हणा" अशी करू नको, तसं म्हटलंस तर त्याला तुझं पुढचं सगळं वजा करून ऐकावं लागतं. असं काहीतरी बोल:

"अरे, दोनदा बघितला. पहिल्यांदा जाळी करत होतो, ४० मिनिटांच्या आसपास हात थांबला, तो घराच्या दारातला सीन, कोणी काही बोलत नाही तो, तो जबरदस्त आहे. तिथून पुढे गाण्यापर्यंत मी हललो नाही. गाण्यानंतर मात्र माझं लक्ष गेलं, मला वाटतं तो मित्र परत येतो ते दोनदा सांगितलंय. शेवट चालला. आता तू सांग, तुझं काम ह्यात कुठे कुठे आहे, मला ते बघायचंय."

सीन मी अंदाजाने घातलेत, तू तुझे घाल. पण शेवटचा प्रश्न विचारच. त्याला त्याच्या कामाबद्दल घरचं कोणी कधी विचारत नसणार, घरचे हिरो-हिरॉइनलाच भेटलास का विचारतात. तो तासभर बोलेल बघ. आणि जे आवडलं ते आधी आणि मनापासून सांग, कारण ते खरोखर आवडलंय, गोड लागावं म्हणून नाही. नाही आवडलेलं एकच सांग, फार तर दोन. यादी वाचू नको. तो स्वतः "अजून सांग" म्हणाला तर वही उघड.

समजा त्याला वाईट वाटलं तर? वाटू शकतं. दोन दिवस गप्प बसेल. तू मागे हटून "अरे तसं नाही, भारीच आहे" करू नको, आणि समर्थनही करत बसू नको. जेवलास का, शिफ्ट कशी चाललीय विचार. आपल्याकडे नमनात, म्हणजे आपल्या कोकणातल्या लोकनाट्यात, वग लांबला की समोरची माणसं उठून चहाला जातात, खेळे ते बघतात आणि पुढच्या गावात तोच वग आटोपशीर करतात, त्यात कोणी कोणाचा अपमान केला असं धरत नाही. तुझा भाऊ त्याच मातीतला आहे, समजेल त्याला.

राहिली ती दोघं, कोळंबीवाला आणि स्क्रीनशॉटवाला. त्यांना उत्तर म्हणून काही लिहायची गरज नाही. पुढचा सिनेमा बघ, आणि ह्या वेळी दोनाच्या चार ओळी लिही, हात कुठे थांबला आणि का, एवढंच. कोणी टर उडवली तर त्याला विचार, तुला कुठला सीन आवडला? खरंच विचार, उत्तर वाच. बरेचदा असं होतं की टर उडवणाऱ्याने सिनेमा बघितलेलाच नसतो, रील्स बघितलेल्या असतात, आणि बघितला असेल तर त्याच्याकडेही सांगण्यासारखं काहीतरी असतंच, मग बोलणं सुरू होतं. गणपतीत सगळे जमतील तेव्हा एका रात्री एखादा असाच मधला सिनेमा सगळ्यांनी मिळून बघा, लाइट गेले नाहीत तर, आणि संपल्यावर पहिलं मत आजींना विचारा, मग लहान पोरांना, मुंबईकरांना सगळ्यात शेवटी.

पण आधी तो पिक्चर परत बघ आणि भावाला फोन कर. ह्याच आठवड्यात. त्याने लिंक पाठवून बरेच दिवस झालेत असं पत्रावरून वाटतंय, तो वाट बघत असेल.